गेममधल्या शांततेलाही गुण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेममधल्या उत्तम संगीतावर लेख आला, आनंद वाटला. एरवी हा विषय पोरांचा टाइमपास म्हणून बाजूला टाकला जातो. मात्र लेखातली सगळी निवड युट्यूबवर ऐकून केलेली दिसते. तिथे एका धूनमागे दुसरी लागते. खेळताना त्या धूनांच्या मधे जी शांतता असते, ती तिथे गळून पडते, आणि माझ्या मते निम्मं काम तीच करते.

लेखातलं 'माइनक्राफ्ट' या गेमच्या संगीताचं कौतुक रास्तच आहे. त्याचे संगीतकार डॅनियल रोझेनफेल्ड यांचा याच संगीताचा २०११ चा अल्बम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२५ मध्ये जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला. पण गेममध्ये ते संगीत सलग वाजत नाही. एक धून संपली की कितीतरी मिनिटं फक्त खोदकामाचा ठकठक आवाज, आपलीच पावलं, लांबून हंबरणारी गाय. माणूस कामात गढून जातो आणि मग न मागता सूर येतात. अल्बममध्ये ते न मागता येणं कुठून सापडणार?

लेखात 'शॅडो ऑफ द कोलोसस'चा (२००५) उल्लेखच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. फुमितो उएदा यांचा हा जपानी गेम, संगीत को ओतानी यांचं. सोळा महाकाय प्राणी शोधून मारायचे, आणि त्यांच्यापर्यंत ओसाड मुलखातून घोड्यावर जायचं. त्या वाटेवर संगीत नाही. वारा आणि टापा, बस्स. मी शहाद्याचा, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात टापा ऐकत वाढलेला. तरी निव्वळ टापांच्या आवाजाने इतकं एकटं वाटू शकतं, हे या गेमने दाखवलं. समोर तो प्राणी उभा ठाकला की वाद्यमेळ उसळतो, आणि तो कोसळल्यावर जल्लोष नाही, शोकाचे सूर येतात. वाटेवर आधीच संगीत भरलं असतं, तर या दोन्ही क्षणांचं वजन गेलं असतं.

सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती सेकंदांचा आहे ते ठाऊक असतं. गेममध्ये एकाच दारापाशी कोणी अर्धा मिनिट थांबतो, कोणी अर्धा तास. जुन्या यंत्रांत मेमरी तुटपुंजी असल्याने छोटी धून फिरवून फिरवून वाजवत. ती अडचण गेली, सवय राहिली.

मी तबला शिकवतो. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, ही तिहाई. दमदार तिहाईत त्या तीन पल्ल्यांच्या मधला दम, म्हणजे विराम, मात्रांत मोजलेला असतो. विद्यार्थ्याने तो खाल्ला की समेचा घोटाळा झालाच. गेममधली शांतताही अशीच हिशेबाने बसवावी लागते. 'झेल्डा' या जुन्या गेममालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) निन्टेन्डो या जपानी कंपनीने मोकळ्या रानात पियानोचे तुरळक सूर ठेवले, तेव्हा जुन्या दणदणीत धूनची वाट पाहणारे काही चाहते नाराज झाले. मला तो या गेमचा सर्वांत धीट निर्णय वाटतो. आपल्याकडची पोरं बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळतात, त्यातही सामना सुरू असताना पार्श्वसंगीत नसतं. म्हणून तर इअरफोन लावलेला माझा भाचा मधेच थिजतो आणि म्हणतो, "मामा, बोलू नका, जिन्यावर कुणीतरी आहे."

हे सगळं परदेशी गेमपुरतं नाही. माझ्या ओळखीच्या एका कॉलेजकुमाराने सातपुड्यावर एक छोटा गेम बनवला आहे. त्यात पहिल्या सेकंदापासून ढोल आणि पावरी हे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य चालू होतं. पावरी अशी अखंड वाजली की तिची ओढ राहत नाही. मी त्याला म्हटलं, घाट चढेपर्यंत नुसता वारा आणि सागाची वाळलेली पानं पायाखाली चुरल्याचा आवाज ठेव. पाडा जवळ आला की पावरी ऐकू येऊ दे, आधी अगदी बारीक. त्याने तसं केलं. आता खेळणारे नकाशा न उघडता आवाजाच्या रोखाने पाड्याकडे वळतात.

तेव्हा एक विनंती. पुढचा लेख गेम प्रत्यक्ष खेळणाऱ्या वाचकांकडून मागवा, आणि संगीत कुठे थांबतं, किती वेळ थांबतं आणि तेव्हा काय ऐकू येतं, हेही त्यांच्याकडून लिहून घ्या.

आपला नम्र,
एक तबलाशिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)