प्रवेशाआधी नावाचा घोळ मिटवा

महोदय,

मुले थोडी मोठी झाली की अनेक जणी पदवीसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे वळतात. त्यांची वाट फीपेक्षा जास्त अडते ती नावावर. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. या दोन्हींना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदल जाहीर झालेल्या राजपत्राची प्रत. लग्नाची नोंदणीच झाली नसेल, तर प्रवेश सुरू होण्याची वाट न पाहता ती आधी करून घ्यावी. शेवटच्या आठवड्यात हे जमत नाही.

दुसरी अडचण मोबाइलची. अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे अभ्यासक्रमात मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणारे, खाते डिजिलॉकरमधून उघडताना ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर जातो, आणि तो बहुधा नवऱ्याचा किंवा कधीच बंद पडलेला असतो. आधार केंद्रावर स्वतःचा क्रमांक जोडून घ्यावा. त्यासाठी वेगळे कागदपत्र लागत नाही. हे खाते आईसाठी फार मोलाचे आहे. बाळंतपण किंवा आजारपणामुळे शिक्षण मधेच थांबले, तरी जमा श्रेयांक साधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. हे प्रवेशाच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही, याचे वाईट वाटते.

अभ्यासकेंद्रांनी संपर्कसत्रांचे (केंद्रावर भरणाऱ्या वर्गांचे) वेळापत्रक प्रवेशाच्या दिवशीच हाती द्यावे. मुलांना कुणाकडे ठेवायचे, हे आईला महिनाभर आधी ठरवावे लागते.

— एक समुपदेशक, नाशिक