पाना फिरायला जागा

कोथरूड, पुणे

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पाच वर्षं आर्किटेक्चर शिकले आणि आता दिवसभर रेव्हिटमध्ये, इमारतीच्या थ्री-डी मॉडेलमध्ये, पाइप कुठे आडवे येतात ते शोधत बसते." तुझा आवाज उतरलेला होता. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

बाणेरच्या साइटवर मी सुपरवायझर होतो तेव्हाची गोष्ट. आर्किटेक्टचे, स्ट्रक्चरलचे आणि प्लंबिंगचे नकाशे आपापल्या जागी बरोबर होते, पण एकमेकांवर ठेवून कुणी पाहिले नव्हते. स्लॅब भरला, शटरिंग उतरलं आणि कळलं की संडासाची चार इंची लाइन बरोब्बर बीममधून जाते. पाइप जायला काँक्रीटमध्ये आधीच बसवायची नळी, म्हणजे स्लीव्ह, ठेवलाच नव्हता. कोअर कटिंगला, म्हणजे बीमला भोक पाडायला, स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी साफ नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी लाइन बीमखालून फिरवली. खालच्या घरात पॅसेजचं छत इतकं खाली आलं की उंच माणसाचा सहज हात लागावा. ताबा घेताना त्या बाईंनी वर बघून विचारलं, "हे असं का?" मी गप्प राहिलो. अजूनही तिथून जाताना माझी नजर तिसऱ्या मजल्यावर जाते.

तीच टक्कर तुला काँक्रीट पडायच्या कितीतरी आधी पडद्यावर लाल दिसली असती. घरातलं छत किती उंचीवर राहणार, हे ठरवणं आर्किटेक्टचंच काम आहे, बाळा. आपल्या मेट्रोसाठी महामेट्रोनं फाइव्ह-डी बीआयएम वापरलं, म्हणजे बांधकामाच्या थ्री-डी मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चही जोडलेला. हे काम आता वाढतच जाणार.

मात्र एक सांगतो. दोन पाइपांत इंचभर फट असली की सॉफ्टवेअर म्हणतं, टक्कर नाही. पण तिथे प्लंबरचा हात जायला हवा, पाना फिरायला हवा, उद्या व्हॉल्व्ह गळला तर तो काढता यायला हवा. नेव्हिसवर्क्समध्ये टक्करींची तपासणी लावताना क्लिअरन्सचा, म्हणजे मोकळ्या जागेचा, आकडा भरतेस ना, तो कुठून आणतेस? मला वाटतं, तुझं मन लागत नाही ते यामुळेच. तू पाइप खूप पाहिलेस, बसवताना एकही पाहिला नाहीस.

दिवाळीत येशील तेव्हा सूसला आमच्या साइटवर चल. पाइपांच्या डक्टमध्ये काम सुरू असेल. मिस्त्रींना मी सांगून ठेवलंय, ते पाना लावून दाखवतील, तू टेपनं माप घे. नोकरीचं काय ते त्यानंतर ठरव.

तुझा,
बाबा