निबंध तपासला, हात कोण तपासणार?

संपादक महोदय,

आपल्या शिक्षण पुरवणीत वृद्धत्व, स्वास्थ्य आणि ज्येष्ठांची निगा या विषयांतल्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहिती वाचली. २०३० मध्ये जगातला दर सहावा माणूस साठीचा किंवा त्यापुढचा असेल, तेव्हा या कामाला शिकलेली माणसं लागणार, हे त्यात म्हटलंय ते खरंच आहे. असाच एक अभ्यासक्रम मी गेल्या वर्षी पुरा केला. २२ वर्षं परिचारिका आहे. त्यातली शेवटची ९ वृद्धनिवासात गेली, तीही बहुतेक रात्रपाळीवर. तक्रार करायची आहे, पण आधी ऋण मान्य करते.

ऑनलाइन नसतं तर मी शिकलेच नसते. रात्रीच्या मधल्या सुट्टीत एका कानात इअरफोन आणि दुसरा कान खोल्यांकडे, अशी मी व्याख्यानं ऐकली. कुणी हाक मारली की प्राध्यापकांना अर्ध्या वाक्यात थांबवायचं. वर्गात हे कोण करू देईल? आणि ऐकलेलं कधी कधी त्याच रात्री उपयोगी पडायचं. आमच्याकडच्या एक आजी एरवी रात्रभर बेल वाजवायच्या. त्या दोन दिवस गप्प होत्या. नोंदवहीत ‘शांत झोपल्या’ असं लिहिलेलं होतं, आणि अक्षर माझंच होतं. त्या आठवड्याचा पाठ डिलिरिअमवर होता. आजारपणात अचानक भ्रम होऊन माणूस आरडाओरडा करू लागला की सगळे धावतात, पण याच डिलिरिअमचा दुसरा प्रकार गप्प आणि झोपाळू असतो, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. ऐकता ऐकता उठले आणि आजींच्या खोलीत गेले. ‘फोर एटी’ नावाची चार कलमांची छोटी चाचणी आहे, तिच्यात वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगतात. आजी ‘डिसेंबर’ म्हणाल्या, थोड्या वेळाने पुन्हा ‘डिसेंबर’ म्हणाल्या आणि डोळे मिटले. डॉक्टरांना झोपेतून उठवलं. लघवी तुंबली होती. नळी घातली, आणि तिसऱ्या रात्री बेल पुन्हा वाजू लागली. त्या रात्री मी वैतागले नाही. खोटं कशाला सांगू, चौथ्या रात्री वैतागले.

आता तक्रार.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांचं लेखन आम्हाला अभ्यासाला होतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं नुकसान मेंदूच्या आजाराने होतं तसंच ते भोवतालच्यांच्या वागण्यानेही होतं, असं त्यांचं म्हणणं. अशा वागण्याची त्यांनी यादीच केली आहे: फसवून काम करून घेणं, घाई करणं, माणूस समोर असताना तो तिथे नसल्यासारखं त्याच्याविषयी बोलणं, लहान मुलासारखं वागवणं. वागणारी माणसं दुष्ट नसतात, हेही ते सांगतात. यातल्या लहान मुलासारखं वागवण्यावर मी २००० शब्दांचा निबंध लिहिला. तुकडीत सर्वांत जास्त गुण मिळाले. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी संपता संपता मी एका निवृत्त मुख्याध्यापकांना मोजे घालत होते. तोंडातून गेलं, “शहाण्या बाळासारखा पाय उचला बघू.” आजोबांनी पाय उचलला. मग म्हणाले, “बाई, मी पाचवीच्या पोरालासुद्धा कधी बाळ म्हटलं नाही.” मोजा अर्धा चढलेला आणि माझे कान गरम.

ते मला बोलले म्हणून कळलं तरी. बोलू न शकणाऱ्या किती जणांना मी काय काय म्हटलं असेन, आणि ते ऐकायला अभ्यासक्रमातलं कुणी तिथे नव्हतं. अभ्यासक्रमवाल्यांपर्यंत माझा निबंध पोचला होता, आणि निबंध चांगलाच होता.

दुसरी गोष्ट जास्त लागली. ‘टाइम्ड अप अँड गो’ ही चाचणी १९९१ पासून जगभर वापरतात. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं, आणि किती सेकंद लागले ते मोजायचं. व्हिडिओ मी तीनदा पाहिला होता, त्यावरचे सगळे प्रश्न बरोबर सोडवले होते. प्रत्यक्षात एका आजोबांना दिवाणखान्यातल्या खोल, बिनहाताच्या सोफ्यावर बसवलं आणि घड्याळ लावलं. त्यांना उठताच येईना. मी ‘पडण्याचा धोका मोठा’ असं लिहिलं आणि त्यांचं अंगणात एकट्याने फिरणं बंद झालं. तीन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी विचारलं, कोणत्या खुर्चीवर घेतलीत? चाचणीला हातांची खुर्ची लागते, बैठक जमिनीपासून साधारण ४६ सेंटीमीटर उंच. तशा खुर्चीतून आजोबा उठले, जाऊन आले, आणि मी काही धोक्याचं लिहावं एवढा वेळ त्यांनी घेतला नाही. मी परीक्षा सोफ्याची घेतली होती. पण तीन आठवडे बसून राहिल्याने पायांतली जी ताकद गेली ती मात्र आजोबांची गेली. खुर्चीचं वाक्य आमच्या टिपणांत होतं. मी ते वाचलंही होतं.

वृद्धांच्या उपचारांची ही विद्या उभी राहिली तीच खाटेपाशी. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ मध्ये शेजारच्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले ७१४ रुग्ण आले. त्यांत असाध्य म्हणून वर्षानुवर्षं अंथरुणात पडून राहिलेले पुष्कळ वृद्ध होते. डॉ. मार्जरी वॉरन यांनी एकेकाला तपासलं, वेगवेगळं केलं, उठवलं, चालवलं, आणि कित्येकांना घरी पाठवलं. त्यांच्या कामाचा धडा आम्हाला दुसऱ्या आठवड्यात होता. शेवटी पाच गुणांची बहुपर्यायी प्रश्नावली.

माझं म्हणणं ऑनलाइनच्या विरुद्ध नाही. व्याख्यानं, चर्चा, निबंध पडद्यावर राहू देत. पण पदवी हातात देण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या कामाच्या ठिकाणी जाणत्या माणसाने निदान तीनदा उभं राहून त्याचं काम बघावं: एकदा चाचणी घेताना, एकदा कुणाला उठवता-बसवताना, एकदा नुसतं बोलताना. डॉक्टरांच्या प्रशिक्षणात हे नवीन नाही. ‘मिनी सीईएक्स’ या पद्धतीत वरिष्ठ डॉक्टर १५-२० मिनिटं शिकाऊ डॉक्टरचं रुग्णासोबतचं काम बघतो आणि लगेच जागच्या जागी सांगतो. आमच्याकडे बघायला प्राध्यापकच हवेत असंही नाही. फिजिओथेरपिस्ट चालतील, अनुभवी परिचारिका चालेल, आणि मला विचाराल तर आमच्या मावशीसुद्धा. पदवी नाही त्यांच्याकडे, पण कुशीवर वळवताना माझा हात आजींच्या खांद्याखाली चुकीचा गेला की त्या नुसतं “अंहं” म्हणतात. तेवढं अंहं मला वर्षभरात अभ्यासक्रमातून ऐकू आलं नाही.

व्हिडिओ काढून पाठवा, हा सोपा उपाय कुणी सुचवेल. तो नको. अंग पुसताना, कपडे बदलताना कुणी आपलं चित्रीकरण करावं, अशी संमती मी तरी माझ्या म्हातारपणी देणार नाही.

अशा अभ्यासक्रमांचा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा शुल्क, कालावधी आणि पात्रता यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा ही विनंती: प्रत्यक्ष काम किती तास, आणि ते बघायला कोण येणार.

आपली,
एक वाचक परिचारिका
(ज्यांच्याविषयी लिहिलं ते ओळखू येऊ नयेत म्हणून माझं नाव छापू नये.)