कानातला खडा

दांडिया बाजार, बडोदा
१६ जानेवारी

प्रिय कुंदा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "अगं, मलाही सकाळी गरगरतं, वय झालं आता," आणि तेवढ्यात तुझ्या दाराची बेल वाजली. ते वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगायचं तर तू मध्येच बोलतेस.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या चार दिवस आधी पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि छतच फिरायला लागलं. कपाट, कॅलेंडर, यांचा फोटो, सगळ्यांची वरात! अर्ध्या मिनिटात थांबलं, पण तेवढ्यात मी घामाने भिजले होते. उत्तरायणाला इथे सगळं गाव गच्चीवर असतं. मी खाली उंधियूची राखण करत बसले. मान वर केली की फिरायचं. गच्चीवर पाऊल टाकणार नाही म्हणून कानाला खडा लावला. खडा आधीच कानात होता, हे नंतर कळलं. सूरसागर तळ्यातल्या १११ फुटी महादेवाचं दर्शनही सहा महिने गुडघ्यापर्यंतच!

एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून मणक्याची झीज दाखवली. आपल्या वयात कोणाची दिसणार नाही ती? गळ्यात पट्टा आला, चक्करेची गोळी सुरू झाली. पट्ट्याने मान आखडली, गोळीने दुपारभर पेंग यायची, आणि गरगरणं होतं तिथेच.

शेवटी भाचीने फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिशीची पोरगी. पहिलाच प्रश्न: "मासी, कुठल्या कुशीवर वळल्यावर?" सहा महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं! तिने मला पलंगावर बसवलं, मान उजवीकडे अर्धी वळवली आणि झटकन मागे निजवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली जरासं लोंबतं. दोन-तीन सेकंद काही नाही, मग आली वरात. मी तिचा हात गच्च धरला आणि ती शांतपणे माझे डोळे बघत होती. त्या वेळी बुबुळं ठराविक दिशेने उडतात, त्यावरून कान कुठला ते कळतं. ही तपासणी १९५२ पासून आहे म्हणे.

आता गंमत ऐक. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. तोल कळायला तेच लागतात. वयाने, डोक्याला मार लागून, कधी उगाचच, ते सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत घरंगळतात. त्या नळीत पाणी असतं. डोकं हललं की कण पाणी ढकलतात, आणि मेंदूला वाटतं आपण गिरक्या घेतोय. उपाय काय, तर डोकं अशा क्रमाने वळवायचं की कण आले त्या वाटेने परत जातील. उजवीकडे वळवून निजवलं, गरगरणं थांबेपर्यंत थांबली, मान डावीकडे, मग सगळं अंगच डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, मग उठवून बसवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरची ही रीत. १९९२ मध्ये त्याने ती छापली, पण आधी बरीच वर्षं बरोबरीचे डॉक्टर त्याला हसत होते. आठवड्याने परत एकदा केलं आणि छत जागेवर आलं.

पण मी जागेवर नव्हते. चालताना गादीवरून चालल्यासारखं वाटायचं. सहा महिने मान जपून जपून मेंदूची सवयच मोडली होती. डोळे, कान आणि पायाचे तळवे, तिघांवर तोल असतो. मी सगळा भार डोळ्यांवर टाकलेला. म्हणून व्यायाम. हातभर अंतरावर 'क' लिहिलेला कागद, नजर त्यावर, मान डावी-उजवी, अक्षर पुसट होता कामा नये. सिंकजवळच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून, उशीवर डोळे मिटून उभं राहायचं. फरशीच्या रेघेवर टाचेला अंगठा लावून चालायचं. थोडं गरगरलंच पाहिजे, म्हणायची, नाहीतर मेंदू शिकणार काय? गोळ्याही म्हणूनच कानाच्या डॉक्टरांना विचारून सोडवल्या. उलटीच्या दोन दिवसांपुरत्या ठीक, महिनोन्महिने घेतल्या तर शिकणंच मंदावतं. मग कमाटीबागेत चालता चालता मान वळवून झाडं बघायची. लोक बघायचे. बघू देत.

तुझं हेच असेल असं नाही हं. कूस बदलताना फिरतं, की उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते? अंधारी येत असेल तर निजून आणि उभ्याने बीपी मोजून घे, तुझी बीपीची गोळी आहेच. आणि जीभ जड होणं, दोन-दोन दिसणं, हाताची ताकद जाणं, भयंकर डोकेदुखी किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणं, यातलं काहीही असलं तर व्यायाम-बियायाम नाही, तडक हॉस्पिटल. यूट्यूब बघून तर मुळीच करू नकोस. बाजू चुकली की सगळं फुकट.

परवा उत्तरायणाला गच्चीवर गेले. फिरकी धरली, दोन तास मान वर. नातवाने तीन पतंग कापले आणि मी "काप्यो छे!" ओरडून घसा बसवून घेतला.

आज रात्री निजताना दोन्ही कुशींवर वळून बघ, पलंगाची कड धरून, आणि कुठली बाजू ते कळव.

तुझी,
मालू