तपकिरीची डबी

सांगली, १२ जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,

दिवाळीत तुझा फोन आला, मी 'नंतर करतो' म्हणालो आणि केलाच नाही. शिव्या दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. दुसऱ्या कुणाला सांगावं तर 'नवीन घे की एखादा' म्हणून मोकळा होईल.

आईचे गुडघे तसेच आहेत. माझी साखर आटोक्यात.

परवा कॉम्प्युटर बघायला दुकानातला मुलगा आला होता. आपलाच रे तो, २०१० साली पुण्याच्या तापकीर गल्लीतून एकेक पार्ट आणून जोडलेला. धाकटीचे सीईटीचे फॉर्म, हिची बँक, सगळं त्याच्यावरच चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबरला संपला. ११ टाकता येईल का, एवढंच मला विचारायचं होतं. त्यानं कॅबिनेट उघडलं, कोअर टू ड्युओ बघून मान हलवली. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. मग मागं हात घालून त्यानं प्रिंटरच्या गुलाबी पोर्टात किल्लीसारखं बसवलेलं डोंगल उपसलं. "काका, हे टाकून देऊ?"

मी ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. पोरगं दचकलंच. त्याची काय चूक? असला पोर्ट त्यानं कधी बघितलाही नसेल.

नानांची पूरवही, त्यांच्या पुराच्या नोंदी, तुला माहीत आहे. ती ज्यात लिहिली ते जुनं मराठी पॅकेज डोंगल असल्याशिवाय उघडत नाही, डोंगलचा ड्रायव्हर बत्तीस बिटचा आणि विंडोज ११ बत्तीस बिटात निघतच नाही. म्हणजे उद्या नवं मशीन आणलं तर नाना त्यात येणार नाहीत. २०१० साली मी तुझ्याशी आठ दिवस अबोला धरला होता तो याच्यावरूनच ना? मला चौसष्ट बिट आणि चार जीबी रॅम हवी होती, तू 'नानांचं डोंगल चालायचं नाही' म्हणून अडून बसलास. कॉम्प्युटर माझा की नानांचा, असं मी तुला भर दुकानात विचारलं होतं. बाळ्या, तो नानांचाच होता. तुझंच बरोबर होतं, आज लिहून देतो. भडंगाचे पैसे मात्र तू अजून दिलेले नाहीस.

त्या रात्री झोप येईना. डोंगल परत बसवलं आणि वहीचं शेवटचं प्रकरण उघडलं. २०१९ चा ऑगस्ट. धोक्याची पातळी ४५ फूट आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ च्याही वर. त्यांनी तासातासाची नोंद ठेवली आहे, घराची कितवी पायरी कधी बुडाली तेही. तू कॅबिनेट पोत्यात घालून डोक्यावर घेतलंस, मी मागून बॅटरी धरली, आणि नाना डोंगल तपकिरीच्या डबीत घालून, डबी बंडीच्या खिशात दाबून जिना चढले. वहीत काय लिहिलंय सांगू? "मुलांनी यंत्र वर नेले. बाळ मांडीभर पाण्यात होता, तरी हसत होता." एवढंच. ही ओळ मी तोवर वाचली नव्हती रे. नाना जाऊन चार वर्षं झाली आणि मी ती वाचली नव्हती.

तर प्रश्न असा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं नोंदणी केली की १० ला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ती मी काल केली. बँकेसाठी हिला लॅपटॉप घेऊ, तिचंही म्हणणं तेच आहे. मग याची नेटची वायर काढून ठेवली की झालं, असं वाटतं. पण पंधरा वर्षांचा मदरबोर्ड कधी मान टाकेल सांगता येत नाही. पेनड्राईव्हवर कॉपी आहे, पण ती उघडायला मशीन हेच लागतं. पीडीएफ काढली, ती दिसते छान, पण तिच्यात 'कृष्णा' शोधायला गेलं तर एकही सापडत नाही, कारण आत रोमन अक्षरांचे कोड भरलेत. युनिकोडात, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडात, बदलून बघितलं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात नंतर, आणि रफाराचं नेमकं उलट. त्यामुळं 'वर्ष'चं 'वषर्' होतं. 'विहीर' तर वाचताच येईना. अशी तीनशे चाळीस पानं आहेत, आणि एकेक ओळ कुणीतरी मूळ पडद्यावर बघून दुरुस्त करायला हवी.

ते कुणाकडून पैसे देऊन करून घ्यावंसं वाटत नाही. नाना कुठं 'पाणी चढले' लिहितात आणि कुठं 'पाणी आत आले', त्यातला फरक आपल्या दोघांनाच कळतो. तू जुन्या पडद्यावरून मोठ्यानं वाच, मी लॅपटॉपवर दुरुस्त करतो. मार्चमध्ये आठ दिवस ये. पावसाळ्याच्या आत हे व्हायलाच हवं.

लेकीचं ठरल्याचं ऐकून फार आनंद झाला. तारीख कळव. बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. तिळगूळ वेगळा पाठवतोय.

डोंगल पोर्टातच आहे. डबी टेबलावर ठेवली आहे, अजून तपकिरीचा वास येतो.

तुझा,
दादा