पेटीवरून बोट उचलणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

सविनय नमस्कार.

यापुढे जाहीर कार्यक्रमात पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, साथीला बसणार नाही, असे आपण नाट्यमंडळाला कळवल्याचे समजले. आपल्या प्रकृतीचा विचार करता निर्णय योग्यच आहे. मात्र नाटक, कीर्तन, ख्यालाची बैठक, लावणी आणि ऑर्केस्ट्रा अशा सगळ्या ठिकाणी पन्नासहून अधिक वर्षे वाजवलेल्या वादकाचे आभार शाल-श्रीफळावर आटोपले जाऊ नयेत, असे मनापासून वाटते. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

माझे शिक्षण ख्यालगायकीचे, म्हणजे शास्त्रीय गायनाचे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी लिहिलेल्या आणि १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत शारदा’त मला भूमिका मिळाली, तेव्हा आपण तालमींच्या आधी मला गावभागातल्या घरी बोलावलेत आणि पहिल्या दिवशी गायला न लावता पदांच्या आधीचे संवाद माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलेत. संवाद ज्या शब्दावर संपतो, त्या शब्दाच्या उंचीवरूनच पदाचा पहिला सूर उचलला, तर बोलणे कुठे थांबले आणि गाणे कुठे सुरू झाले हे प्रेक्षकाला जाणवत नाही, हे आपण तिथे शिकवलेत. माझी पट्टी, म्हणजे गाण्याची मूळ उंची, काळी चार. पण एक पद आपण केवळ या कारणासाठी त्याहून खालच्या काळी तीनमध्ये घेतलेत. पाय भात्यावर, दोन्ही हात पट्ट्यांवर आणि नजर माझ्या ओठांवर, अशी आपली ऑर्गनवरची बैठक मी त्या तालमींत पाहिली. माझा श्वास जिथे संपे, तिथे आपला सूर आधीच येऊन थांबलेला असे.

मास्तरांना सगळे वाजवता येते, असे आपल्याबद्दल सांगलीत सर्रास म्हटले जाते. मला हे कौतुक अपुरे वाटते. कुठे काय वाजवायचे नाही याची आपली जाण त्याहून मोठी आहे. कीर्तनात बुवांचे पूर्वरंगातले, म्हणजे पहिल्या भागातले, निरूपण चालू असताना आपण नुसता षड्ज (सा) धरून बसता. आख्यान रंगले की साकी किंवा दिंडी या पद्यप्रकारांचा सूर मात्र बुवांनी तोंड उघडण्याआधी हजर असतो. लावणीत ढोलकीला मोकळी जागा सोडता. ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन गळ्यात घेतलेत की मूळ गाण्यातला म्युझिक पीस पदरचा एकही सूर न घालता वाजवता, कारण समोरचा श्रोता तोच पीस मनात घेऊन आलेला असतो.

ख्यालाच्या साथीत आपण माझ्यासाठी जे केलेत, ते तर मी कधीच विसरणार नाही. पेटीचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागच्या आक्षेपांपैकी हा एक होता. आपण या आक्षेपावर वाद घातल्याचे मी कधी ऐकले नाही. मी गंधारावर स्थिरावले की आपले बोट पट्टीवरून अलगद उठायचे, तंबोरा आणि गळा एवढेच उरायचे, आणि मी पंचमाकडे निघाले की पेटी पुन्हा सोबत यायची. मिरजेच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत बुजुर्गांची साथ ऐकत ही दृष्टी आली, असे आपण सांगितले होते. तोच गंधार ऑर्केस्ट्रात, तशाच समान भागांत जुळलेल्या गिटारबरोबर आपण ठामपणे दाबून धरता, हे पाहिल्यावर मला प्रत्येक संगीतप्रकाराकडे आदराने पाहता येऊ लागले. अभंग गायला बसताना ख्यालापेक्षा हलके काही गात आहे, असे मला आता वाटत नाही, आणि याचे श्रेय सर्वस्वी आपले आहे.

माझ्या पेटीचे सूर उतरले होते, तेव्हा ती आपण स्वतः उघडलीत, हेही इथे नोंदवले पाहिजे. पितळी सुराचे, म्हणजे आतल्या कंप पावणाऱ्या पातळ पट्टीचे, टोक हलकेच खरवडले की सूर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो. एकेक सूर असा कानाने पारखत आपण दुपारभर बसलात आणि मोबदल्याचा विषयही काढू दिला नाहीत.

माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या दोन मुली आता पेटीची साथ शिकू इच्छितात. बोटे दोघींचीही तयार आहेत. कुठे थांबायचे हे त्यांना आपल्याइतके चांगले कोणी शिकवू शकणार नाही. प्रकृतीला झेपेल तेव्हा, झेपेल तेवढाच वेळ त्यांना द्यावा, ही विनंती. आपण होकार कळवलात की मी त्यांना घेऊन येईन.

मास्तर, माझ्या गाण्याला नाटक, कीर्तन आणि अभंगाची दारे उघडून दिल्याबद्दल मी आपली कायमची ऋणी आहे.

आपली विद्यार्थिनी,
सांगली