मूठ वळली आणि कोपर वाकलं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या मामेभावाचं वाचून दोन दिवस दुसरं काही सुचेना. मोटरसायकलवरून पडला, खांदा आपटला, मान उलट्या बाजूला ओढली गेली, हाड एकही मोडलं नाही आणि तरी हात लोंबतोय. वाचताना वाटलं, हे तू माझंच लिहिलं आहेस. त्याला काय सांगू, असं तू विचारलंयस. या विषयावर फोनवर बोलायला घेतलं की माझा गळा अजून दाटून येतो, म्हणून लिहितो. उजव्या हाताने लिहितोय. अक्षरावरून ओळखलं असशीलच.

आधी घाईचं तेवढं सांगतो, बाकीचं पत्र सावकाश वाच. अपघाताला दोन महिने होत आले म्हणतोस. याच आठवड्यात त्याला ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची, ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनकडे घेऊन जा. ऑपरेशन करावंच लागेल असं नाही. नुसती ताणली गेलेली नस पुष्कळदा आपली आपण सुधारते. पहिले काही महिने डॉक्टर स्नायू पुन्हा पुन्हा तपासतात, ईएमजी (स्नायू-नसांची विजेची तपासणी) काढतात आणि वाट बघतात, ते बरोबरच असतं. पण तपासत वाट बघणं वेगळं आणि घरी बसून वाट बघणं वेगळं. मला आधी ज्यांनी पाहिलं ते म्हणाले होते, नस दबलीय, येईल आपोआप, सहा महिन्यांनी दाखवा. मी मुकाट्याने तेच केलं असतं. दुसरीकडे दाखवूच, असा हट्ट तू धरलास. तेव्हा मी तुझ्यावर चिडलो होतो, बोलूही नये ते बोललो होतो. त्याबद्दल आजवर तुझी माफी मागितली नाही, ती आज मागतो.

घाई कशासाठी, ते तुला नीट ठाऊक असू दे, म्हणजे घरच्यांना पटवता येईल. नस तुटली की तिचा पुढचा भाग मरतो आणि नवे तंतू वरून खाली वाढत यावे लागतात. त्यांचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर. स्नायू मात्र तोवर थांबत नाही. नसेविना तो बारीक होत जातो, आणि नस जिथे स्नायूला मिळते त्या जागा हळूहळू नाहीशा होतात. वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर नस येऊन पोचली तरी स्नायू तिला दाद देत नाही. म्हणून नर्व्ह ट्रान्सफर, म्हणजे चालू नसेचा पदर बंद पडलेल्या नसेला जोडणं, करायचं तर शक्यतो सहा महिन्यांच्या आत. माझं झालं तेव्हा साडेचार महिने गेले होते.

माझ्या हाताला नक्की काय झालं होतं, हे तू अनेकदा विचारलंस आणि मी दर वेळी ‘नस गेली’ एवढंच म्हणत आलो. खरं तर असं की मानेतून हाताकडे नसांची पाच मुळं निघतात, सी ५ पासून टी १ पर्यंत. त्यातली वरची दोन, सी ५ आणि सी ६, मज्जारज्जूतूनच उपटली गेली होती. मधेच तुटलेली नस जोडता येते. मुळापासून उपटलेली परत लावून चालू होत नाही. खांदा उचलणं आणि कोपर वाकवणं या दोन मुळांवर असतं, बोटं खालच्या मुळांवर. त्यामुळे माझी बोटं शाबूत, मूठ घट्ट, पण त्या बोटांना कामापर्यंत नेणारा हातच नाही. पेन धरता यायचं, पण आधी डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवावा लागायचा. तूही किती वेळा तो उचलून ठेवलास, एखादी झोपलेली वस्तू उचलावी तसा.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. जी नस चालू आहे तिच्यातला एखादा पदर काढून घ्यायचा आणि बंद पडलेल्या स्नायूच्या नसेला जोडायचा. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणते ना, ती अल्नर नस. तिच्यात दोरखंडासारखे अनेक पदर असतात. दंडात ती उघडून एकेका पदराला अगदी हलका विद्युतप्रवाह देऊन बघतात: कुठल्याने मनगट हलतं, कुठल्याने बोटं. मनगट हलवणारा पदर निवडतात, कारण ते काम सांभाळायला दुसरे स्नायू असतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्याने, तो कोपर वाकवणाऱ्या बायसेप्स स्नायूच्या नसेला शिवतात. क्रिस्तोफ ओबर्लिन या फ्रेंच सर्जननी ही पद्धत १९९४ मध्ये मांडली. तिचं मोठेपण अंतरात आहे. जोड स्नायूच्या इतका जवळ असतो की मानेपासून दंडापर्यंतची सगळी वाट वाचते, तंतूंना काही सेंटिमीटरच चालावं लागतं. माझ्या खांद्यासाठी त्याच वेळी आणखी दोन जोड केले. खांदे उडवणाऱ्या नसेची खालची फांदी खांद्याच्या खोलातल्या स्नायूंकडे वळवली, आणि कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सच्या नसेची एक फांदी हात बाजूने उचलणाऱ्या डेल्टॉइड स्नायूकडे.

ऑपरेशनबद्दल एवढंच. मी झोपेत होतो, कष्ट त्यांचे होते.

माझे कष्ट नंतर सुरू झाले. तीन आठवडे हात छातीशी बांधलेला, आणि त्यानंतर काहीच नाही. अरे, हे ‘काहीच नाही’ त्याला आधीच सांगून ठेव. टाके भरतात, व्रण फिका पडतो, लोक विचारतात ‘काय, किती फरक?’ आणि सांगण्यासारखं काही नसतं. दंडात सगळं घडत असतं, पण बाहेरून बघणाऱ्याला हात ऑपरेशनआधी होता तसाच दिसतो. करंगळीत थोड्या मुंग्या यायच्या, म्हणजे दिलेल्या नसेनेच तक्रार केलेली, आणि मला वाटायचं होता तो पंजाही घालवून बसलो. काही आठवड्यांत ते शमलं.

त्या महिन्यांत एक काम चुकवायचं नाही: सांधे मोकळे ठेवणं. दुसऱ्या हाताने कोपर पूर्ण वाकवायचं, सरळ करायचं, तळवा वर करायचा, आणि कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा. हे शेवटचं सगळ्यात कंटाळवाणं आणि खांदा आखडतो तो इथेच. नस येऊन पोचली आणि सांधाच आखडलेला निघाला, तर सगळ्यांची मेहनत वाया जाते. आणि उभा असताना हाताला झोळीचा आधार हवा, नाहीतर हाताच्या वजनाने खांद्याचा गोळा खोबणीतून खाली ओघळतो.

दुखण्याबद्दल त्याला जरा हळूवारपणे विचार. तो स्वतः सांगणार नाही, मीही सांगत नव्हतो. मूळ उपटलं की मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःहूनच वेदनेचे संदेश पाठवू लागतात, असं मला समजावलं गेलं. ज्या भागात स्पर्श कळत नाही तोच भाग जळतो. रात्री अंगठा कुणीतरी चिमट्यात धरून पिळतंय असं वाटायचं, मधूनच विजेसारखा लोळ यायचा. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी काही होत नाही. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन वगैरे, आणि ती डॉक्टरांना ठरवू द्यावीत. माझी आग आता बरीच उतरलीय, पूर्ण गेलेली नाही. शिवाय अंगठा आणि मनगटाची बाहेरची बाजू बधिर असते हे लक्षात ठेवायला लागतं. एकदा तापलेल्या भांड्याला अंगठा टेकलेला मला कातडीच्या वासावरून कळला.

फिजिओथेरपीच्या खोलीत एक तरुण मुलगा यायचा. त्याची पाचही मुळं गेलेली, म्हणजे उसनं घ्यायला हातात एकही चालती नस नाही. त्याला बरगड्यांमधल्या नसा बायसेप्सला जोडल्या होत्या. तो खोल श्वास घ्यायचा आणि कोपर किंचित वाकायचं. खोकला आला तरी हात उडायचा. तो श्वास भरून घेत असताना आम्ही सगळे नकळत आपापला श्वास धरून बसायचो. शरीराबद्दल इतका आदर मला कधी वाटला नव्हता.

माझा दिवस ऑपरेशननंतरच्या पाचव्या महिन्यात आला. फिजिओथेरपिस्ट ताई रोज बायसेप्सवर दोन बोटं ठेवून सांगायच्या, मूठ घट्ट वळ आणि मनगट करंगळीच्या बाजूने आत दाब. ‘कोपर वाकव’ असं त्या म्हणतच नव्हत्या. कोपर वाकवण्याची जुनी वाट बंद होती, आणि नव्या नसेला मनगटाचीच भाषा येत होती. त्या दिवशी मूठ वळली आणि त्या बोलायच्या थांबल्या. ‘परत कर.’ परत केलं. मग त्यांनी माझा डावा हात घेतला आणि त्याची बोटं उजव्या दंडावर ठेवली. पापणी फडफडावी इतकंच होतं रे. मी रडलो, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. ती फडफड म्हणजे एक. दोन म्हणजे हाताचं वजन काढून घेतलं तर हालचाल होते. टेबलावर पावडर टाकून त्यावर हात आडवा ठेवायचा आणि तो घसरत घसरत माझ्याकडे यायचा. तीन म्हणजे उभ्याने, वजनासकट कोपर वाकवणं. तिथे पोचायला दहावा महिना उजाडला. आज चौदावा चालू आहे, चारवर आहे.

या मधल्या काळातली गंमत तुला सांगायची राहिली होती. सुरुवातीला मूठ न वळता कोपर वाकायचंच नाही. त्यामुळे पेला धरून तोंडाशी नेणं जमायचं, पण उघड्या तळव्याने गाल पुसणं जमत नव्हतं. उलट, पिशवी घट्ट धरली की न विचारता कोपर दुमडायचं. मग महिनोन्‌महिने एकच अभ्यास: बोटं सैल सोड, कोपर वाकव, बोटं सैलच ठेव. आरशासमोर, दोन्ही हात एकदम, चांगल्या हाताकडे बघून. एका सकाळी डोळ्यावरचे केस मागे सारले आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ते उजव्या हाताने सारले होते. मूठ वळली नव्हती. मेंदूने कधी तरी मला न सांगता आपली व्यवस्था लावून घेतली होती.

खांद्याचं एवढं चांगलं नाही. हात बाजूने उचलताना अजून ‘कोपर सरळ कर’ असं मनात म्हणावं लागतं, कारण डेल्टॉइडला ट्रायसेप्सची फांदी दिलीय. खांद्याच्या उंचीपर्यंत अजून पोचत नाही, आणि बाहेर फिरवणं थोडंच आलंय. डोक्यावरच्या फळीवरची वस्तू मी डाव्याच हाताने काढतो. हे मामेभावापासून लपवू नकोस. हात पूर्वीसारखा होईल असं त्याला कुणीही सांगू नये. पण हात परत कामाला येतो, हे मी त्याला छातीवर हात ठेवून सांगेन. तोच हात, उजवा, स्वतःहून छातीपर्यंत नेलेला.

सर्जनकडे जाताना विचारायचे दोनच प्रश्न लिहून ने: मुळं ताणली आहेत की उपटली आहेत, आणि अमुक महिन्यापर्यंत बायसेप्स हलला नाही तर पुढे काय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट घे. एमआरआय, ईएमजी, सगळे कागद बरोबर असू देत.

आणि तपासणी झाली की मला कळव, मी येतोच. त्याला उपदेश नको आहे आणि माझ्याकडे तो नाहीही. फक्त त्याच्या चांगल्या हाताची बोटं माझ्या दंडावर ठेवायला लाव, मग मी मूठ वळेन. मामींना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना सोबती